ठिपक्यांत दडलेले रंग

‘डॉक्टर हू’ ही ब्रिटिश विज्ञानकथा-मालिका बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. सारे जग त्या बातमीत बुडालेले असल्याने पुढच्या शनिवारी दुसरा भाग दाखवण्यापूर्वी पहिला भाग पुन्हा प्रक्षेपित करावा लागला. साठ वर्षे उलटली, नायकाची भूमिका करणारे नट एकामागून एक बदलले, आणि तरीही जगभरचे चाहते विल्यम हार्टनेल यांच्या त्या पहिल्यावहिल्या कृष्णधवल भागांकडे पुन्हा पुन्हा वळतात. गेले काही महिने मीही हे भाग क्रमाने पाहते आहे. एका भौतिकशास्त्रज्ञाला त्यांत काय सापडते आणि आपल्याकडच्या प्रयोगशाळांशी त्याचा काय संबंध, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन मूळचे लखनऊचे. ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ या कादंबरीच्या लेखिका अतिया हुसेन या त्यांच्या मातोश्री. पहिला भाग दिग्दर्शित केला तेव्हा हुसेन अवघे चोवीस वर्षांचे होते. निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट याही तरुण होत्या. मालिकेची मूळ कल्पना काहीशी शालेय होती. विज्ञानाचा एक शिक्षक आणि इतिहासाची एक शिक्षिका एका विक्षिप्त वृद्धाच्या कालयानात शिरतात, कधी भूतकाळात तर कधी परग्रहावर पोहोचतात, आणि प्रेक्षक मुले हसतखेळत दोन्ही विषय शिकतात, अशी ती योजना होती.

विज्ञानाचा पहिला धडा अगदी शांतपणे येतो. अश्मयुगातली पहिली कथा संपते, यान एका अज्ञात ग्रहावर उतरते. यानातल्या फलकावर किरणोत्सार मोजणारा एक काटा आहे. तो पाहिला जातो, वाचन सुरक्षित असते, मंडळी निश्चिंत होऊन वळतात. त्यांची पाठ फिरताच काटा हळूहळू सरकतो आणि धोक्याच्या खुणेपाशी जाऊन थांबतो. भाग तिथेच संपतो. उपकरणावरचा आकडा खरा की खोटा हा प्रश्न एकदा पाहून सुटत नाही. उपकरण स्थिरावले आहे का, हेही पाहावे लागते. प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याला हे समजावताना मला यापेक्षा चांगले उदाहरण सुचत नाही.

पुढची कथा त्या मृत ग्रहाची, म्हणजेच सुप्रसिद्ध डालेकांची. न्यूट्रॉन बॉम्बने तिथली जीवसृष्टी उद्ध्वस्त केली आहे, इमारती मात्र उभ्या आहेत. क्यूबाचा पेचप्रसंग होऊन जेमतेम वर्ष झाले होते. वातावरणातील अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार ऑगस्ट १९६३ मध्ये झाला होता आणि भारतानेही त्याच वर्षी त्यावर सही केली होती. मुलांच्या कार्यक्रमात हा ग्रह का अवतरला, हे या पार्श्वभूमीवर सहज उमगते.

याच कथेत डालेक जमिनीच्या धातूतून मिळणाऱ्या स्थितिक विजेवर चालतात, आणि त्यांच्याखाली एक झगा सरकवला की ते निष्प्राण होतात. विसंवाहकाची कल्पना बरोबर आहे. परंतु विजेने काम करायचे तर प्रवाह वाहायला हवा, आणि प्रवाह वाहायचा तर मंडल पूर्ण व्हायला हवे. जत्रेत एकमेकांवर आदळणाऱ्या विजेच्या मोटारींना छतावरच्या जाळीतून वीज मिळते आणि ती जमिनीतून परत जाते. डालेकांचा परतीचा मार्ग कोणता? हा प्रश्न पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गाला द्यावा, तास रंगेल. जुन्या भागांतील चुकांची टिंगल करणे सोपे आहे. ती चूक नेमकी कुठे आहे हे दाखवायला मात्र विषय यावा लागतो.

गंमत अशी की संवादांतले विज्ञान जिथे लंगडते, तिथे पडद्यामागचे भौतिकशास्त्र पक्के आहे. मालिकेच्या प्रारंभी दिसणारे ते वाहते, गूढ प्रकाशाकार कोणत्याही चित्रकाराने रेखाटलेले नाहीत. कॅमेरा स्वतःचेच चित्र दाखवणाऱ्या पडद्याकडे रोखला की प्रतिमा पुन्हा पुन्हा त्याच फेऱ्यात फिरते. अंतर, कोन किंवा उजळपणा किंचित बदलला की वेगळेच आकार जन्म घेतात. पुढे १९८४ मध्ये जेम्स क्रचफील्ड यांनी याच घटिताचा अरेषीय गतिशास्त्राच्या अंगाने अभ्यास करून शोधनिबंध लिहिला. शीर्षकसंगीत रॉन ग्रेनर यांचे. ते प्रत्यक्षात घडवले डेलिया डर्बिशायर यांनी. केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत शिकलेल्या या बाईंनी दोलकांचे स्वर ध्वनिफितींवर घेतले, फिती कापल्या, जोडल्या आणि सूर न् सूर हाताने रचला.

आता दुःखाचा भाग. हे सगळे जपून ठेवलेले नव्हते. १९६७ ते १९७८ या काळात बीबीसीने आपल्याच असंख्य कार्यक्रमांच्या चित्रफिती पुसल्या आणि परदेशी विक्रीसाठी काढलेल्या फिल्मच्या प्रतीही टाकून दिल्या. ‘डॉक्टर हू’च्या पहिल्या सहा वर्षांच्या २५३ भागांपैकी शंभराहून अधिक भाग नाहीसे झाले. वारिस हुसेन यांनी बव्हंशी दिग्दर्शित केलेली ‘मार्को पोलो’ ही सात भागांची कथा त्यांतच गेली.

यामागे दुष्टपणा नव्हता, आणि मूर्खपणाही फारसा नव्हता. दोन इंच रुंदीची चित्रफीत महाग होती, ती पुन्हा वापरता येत असे. कलावंतांबरोबरच्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या. रंगीत दूरचित्रवाणी आल्यावर कृष्णधवल कार्यक्रमांना गिऱ्हाईक उरले नाही. एका विभागाकडे फिती होत्या, दुसऱ्याकडे फिल्मच्या प्रती, तिसऱ्याकडे ग्रंथालय. सर्व काही जपण्याची जबाबदारी मात्र कोणा एकाची नव्हती. प्रत्येकाला वाटत राहिले की प्रत दुसऱ्याकडे असेलच. मोठ्या संस्थांत काम केलेल्या कोणालाही हे वाक्य अपरिचित वाटणार नाही.

जे वाचले ते चाहत्यांमुळे. घरोघरच्या मुलांनी दूरचित्रवाणी संचासमोर मायक्रोफोन धरून ध्वनिफिती भरल्या होत्या. काहींनी तर संचाच्या आतच तारा जोडून घेतल्या. त्या जतन झाल्या, म्हणून हरवलेल्या प्रत्येक भागाचा ध्वनी आज उपलब्ध आहे. चित्रे मात्र जगभर शोधावी लागली. २०१३ मध्ये नायजेरियातील जोस येथे सापडलेले नऊ भाग जाहीर झाले, तेव्हा हरवलेल्या भागांची संख्या ९७ वर आली. एके काळी तिथल्या केंद्राला विकलेल्या प्रती कोणी तरी कपाटात राहू दिल्या होत्या.

परंतु भौतिकशास्त्रज्ञ म्हणून मला सर्वाधिक मोह पडतो तो रंगांच्या कथेचा. १९७० नंतरचे भाग रंगीत होते. त्यांपैकी काहींच्या रंगीत फिती पुसल्या गेल्या आणि कृष्णधवल फिल्म तेवढी उरली. ती फिल्म तयार करण्याची रीत अशी होती की पडद्यावर कार्यक्रम चालवायचा आणि त्याचे चित्रीकरण करायचे. ब्रिटनच्या पाल पद्धतीत रंगाची माहिती ४.४३ मेगाहर्ट्झच्या उपवाहक लहरीवर स्वार होऊन येते. लहरीची कला रंगछटा सांगते आणि आयाम रंगाचा गडदपणा. कृष्णधवल पडद्याला रंग कळत नाही. त्याच्यावर ही लहर बारीक ठिपक्यांच्या जाळीसारखी उमटते. ती गाळून टाकण्यासाठी गाळणी उपलब्ध होती, पण अनेकदा ती लावली गेली नाही. त्यामुळे ठिपके फिल्मवर उतरले आणि अनेक वर्षे ‘दोष’ म्हणून तसेच पडून राहिले.

हा दोष म्हणजेच हरवलेला रंग आहे, हे पुढे काही जाणकारांनी ओळखले. फिल्मचे अतिसूक्ष्म स्कॅन घ्यायचे, पडद्याच्या वक्रतेमुळे आलेली विकृती दुरुस्त करायची, ठिपक्यांची जागा अचूक निश्चित करायची आणि त्यांतून लहरीची कला व आयाम काढायचे. संदर्भासाठी पाठवला जाणारा संकेत फिल्मच्या चौकटीबाहेर राहिलेला, त्यामुळे कोणती छटा हे ठरवताना संदिग्धता उरे. ती सोडवायला माणसाची नजर लागे. तरीही रंग परत आले. ‘द माइंड ऑफ इव्हिल’ ही १९७१ मधील सहा भागांची कथा २०१३ मध्ये रंगीत प्रकाशित झाली. तिचे पाच भाग या ठिपक्यांतून उलगडले. पहिल्या भागाच्या फिल्मवर ठिपकेच नव्हते, म्हणून तो हाताने रंगवावा लागला. ज्या प्रतीवर गाळणी लावली गेली, ती त्या काळी अधिक ‘चांगली’ मानली गेली असणार. चाळीस वर्षांनी मात्र तीच मुकी ठरली.

विज्ञानात याचे दाखले विपुल आहेत. ही मालिका सुरू झाली त्याच १९६३ साली मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ या क्वासारचे ताम्रविस्थापन ओळखले. त्याच वर्षी हार्लन स्मिथ आणि डॉरिट हॉफ्लाइट यांनी हार्वर्डच्या संग्रहातील अनेक दशकांच्या काचपट्ट्या तपासून त्याचे तेज बदलत असल्याचे दाखवले. त्या पट्ट्या टिपणाऱ्यांना क्वासार हा शब्दही ठाऊक नव्हता.

आपल्या देशातही असे धन आहे. कोडाईकनालच्या वेधशाळेत १९०४ पासून सूर्याची छायाचित्रे घेतली गेली. भारतीय खगोलभौतिकी संस्थेने त्यांचे अंकीकरण केले आणि शतकभराचा सूर्य संगणकावर आला. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीने २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झवर आकाशाचे सर्वेक्षण केले. मूळ निरीक्षणे संग्रहात होती, म्हणूनच आयनांबराचे परिणाम दूर करणारी नवी पद्धत त्यांच्यावर वापरता आली आणि २०१७ मध्ये सुमारे सहा लाख वीस हजार रेडिओस्रोतांची सूची प्रसिद्ध झाली. दुर्बीण पुन्हा फिरवावी लागली नाही. याउलट, चंद्रावरील पहिल्या पावलांचे मूळ संकेत साठवणाऱ्या फिती बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष नासाला २००९ मध्ये काढावा लागला.

मराठी वाचकाला जवळची वाटेल अशी आणखी एक हानी आहे. जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू फ्रेड हॉइल यांनी जॉन इलियट यांच्यासह ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही मालिका बीबीसीसाठी लिहिली होती. ती १९६१ मध्ये सात भागांत दाखवली गेली. त्यांतला एकच भाग पूर्णपणे हाती लागला आहे, बाकीच्यांचे तुकडे. एका थोर खगोलशास्त्रज्ञाने परग्रहावरून येणाऱ्या संदेशाविषयी लिहिलेली ही कथा, आणि तिचाच संदेश वाटेत विरला.

हे सारे लिहिण्याचे निमित्त आमच्या गटातही आहे. एका जुन्या प्रयोगाच्या मूळ संकेतांनी साठवणुकीची बरीच जागा व्यापली आहे, आणि येत्या काही महिन्यांत आम्हाला ठरवायचे आहे की ते ठेवायचे की प्रक्रिया केलेल्या सारणींवर समाधान मानायचे. खर्चाचा मुद्दा खरा आहे. सर्व काही कायमचे ठेवता येत नाही, हेही खरे. परंतु सारणी म्हणजे गाळणी लावलेली प्रत. आज आम्हाला जो गोंगाट वाटतो तो आम्ही तिच्यातून काढून टाकला आहे. बैठकीत माझे म्हणणे असे असेल: सगळे नको, पण प्रत्येक टप्प्यातील काही निवडक मूळ संकेत, उपकरणांच्या अंशांकनाच्या नोंदी आणि वाचण्याची आज्ञावली यांच्या दोन प्रती दोन निराळ्या ठिकाणी ठेवाव्यात, आणि त्या कोणाच्या ताब्यात आहेत हे नाव घालून लिहावे. काही पुसायचेच असेल, तर काय पुसले आणि का, याचीही नोंद राहावी. माझे म्हणणे मान्य होईल की नाही, ठाऊक नाही.

विद्यार्थ्यांना एक सुचवते. पहिल्या दोन कथा मिळाल्या तर क्रमाने पाहा आणि वही जवळ ठेवा. काट्याकडे लक्ष असू द्या, डालेकांचे विद्युतमंडल काढून पाहा. नंतर आपल्या प्रकल्पाच्या संगणकावरील जुनी फोल्डरे उघडा. एखादी फाइल पुसण्यापूर्वी ती दुसऱ्या कोणाकडे खरोखर आहे का, हे त्या व्यक्तीलाच विचारून घ्या.