बोनचे रुग्णालय

पॅरिसच्या वकिलातीत बदली झाल्यावर आम्ही सहकुटुंब बर्गंडीतील बोन या गावी गेलो. "मद्याच्या गावी मुलांना दाखवायचे काय?" हा सौभाग्यवतींचा प्रश्न. उत्तर एकच: रुग्णालय! निकोला रोलँ व त्याची पत्नी गिगोन यांनी ते गोरगरिबांसाठी १४४३ मध्ये स्थापिले; रंगीत कौलांचे छप्पर पाहून आमच्या कन्येस पैठणी आठवली. रुग्णसेवा येथे १९७१ पर्यंत चालू होती. दानात आलेल्या मळ्यांची वारुणी १८५९ पासून लिलावाने विकली जाते व पैसा रुग्णालयास मिळतो, हे कळताच सौभाग्यवतींचा मद्यावरील राग किंचित निवळला.

मोठ्या दालनात मात्र आमचे पाऊल अडले. दोन्ही भिंतींशी लाल पडद्यांचे पलंग, टोकाला प्रार्थनामंदिर. निजल्यानिजल्या रोग्यास पूजा दिसावी अशी योजना. आमच्या वडिलांचे शेवटचे आठ दिवस एका सरकारी रुग्णालयात, दोन खाटांमधल्या जमिनीवर गेले. तेथून त्यांना खाटांचे पाय तेवढे दिसत.

पुढे रोजिए व्हान डर वायडनचे 'अंतिम न्याया'चे चित्र आहे. त्यात देवदूत तराजू धरून उभा. पापाचे पारडे जड, म्हणून खाली.

"आजोबांचे किती भरले असते?" कन्येने विचारले.

"अखेरीस ते फारच हलके झाले होते," एवढेच आम्ही म्हणालो.