पृथ्वीची रांग

‘बॅबिलॉन ५’ या अमेरिकी मालिकेच्या १९९४ मधल्या एका भागात, अवकाशस्थानकावर जमलेल्या प्रत्येक ग्रहाने आपला मुख्य धर्म दाखवायचा असतो. बाकीचे आपापले विधी करून दाखवतात. पृथ्वीची पाळी येते तेव्हा कमांडर सिंक्लेअर पाहुण्यांना माणसांच्या लांबलचक रांगेपुढे नेतो आणि एकेकाची ओळख करून देऊ लागतो. हे नास्तिक, हे कॅथलिक, हे झेन बौद्ध, हे मुसलमान, हे ज्यू. मालिकेचे लेखक स्ट्रॅझिन्स्की स्वतः नास्तिक आहेत, तरी त्यांनी कुणाला रांगेबाहेर ठेवलं नाही. हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो.

कारण विज्ञानकथेत भाविक माणूस बहुधा दोनच कामांना येतो: एक तर चुकायला, नाहीतर चमत्कार खरा ठरवायला. जयंत नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ कथेत वैज्ञानिक अण्वस्त्राने धूमकेतूची वाट वळवतात आणि घरात श्रेय जातं यज्ञाला. मी नारळीकरांच्याच बाजूचा आहे. यज्ञाने धूमकेतू वळत नाही, हे पोरांना सांगायलाच हवं. पण यज्ञाला नातवाला बसवणाऱ्या कथेतल्या आजीच्या जिवात काय कालवाकालव चालली होती, तेही मला वाचायचं होतं. ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेतल्या स्थानकावरची अधिकारी किरा, तिच्या वाट्याला ते आलं. स्थानकावरचे इतर अधिकारी ज्यांना परग्रहवासी म्हणतात, त्यांनाच ती ‘प्रेषित’ मानून पुजते, आणि कामात तसूभर कमी पडत नाही.

भंडाऱ्याजवळच्या शहापुरात अशी माणसं रोज भेटतात. शेजारीच जवाहरनगरची आयुध निर्माणी. तिथे स्फोटकं बनतात. २४ जानेवारी २०२५ ला तिथे स्फोट झाला, कामावर गेलेली माणसं घरी परतली नाहीत. ज्यांना अजूनही त्या फाटकातून आत जायचं असतं, त्यांतलं कुणी निघताना मारुतीला हात जोडतं, कुणी बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोपुढे क्षणभर थांबतं. पण म्हणून आतला सुरक्षेचा नियम कुणी देवाच्या भरवशावर सोडत नाही. त्यात बौद्ध घरांची गोष्ट आणखी वेगळी. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेला धम्म बुद्धीला पटवून घेतलेला आहे; तिथे वंदना आणि तर्क एकाच घरात वाढले.

मराठीत कुणी अंतराळयानाची मालिका लिहायला घेतली, तर इंधनाच्या टाकीजवळ मला भंडाऱ्याकडची एक केमिस्ट हवी आहे. त्रिशरण म्हणून पाळीवर येणारी, दाबाचा आकडा दोनदा तपासणारी. आणि लेखकाने तिला शेवटपर्यंत चूकही ठरवू नये, चमत्कारही घडवायला लावू नये.