मागच्या सीटचा हिशेब

आमच्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये नवीन गाडी उभी राहिली की पाच मिनिटांत तिच्याभोवती परीक्षक मंडळ जमतं. प्रश्न ठरलेले. "किती सीसी?" "टॉप किती जाते?" "एक्झॉस्ट कधी बदलणार?" मग एखादा मागच्या चाकाजवळ वाकतो आणि म्हणतो, "हे साडी गार्ड आधी काढ की रे, म्हातारी दिसायलीय गाडी." गाडी 'आपली' करायची ही आपल्याकडची रीत. आधी काय काढायचं ते ठरतं, काय लावायचं ते नंतर.

मंडळाच्या अंकासाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा मी सांगितलं की कविता मला जमत नाही. "मग जे येतं त्यावर लिही," असं उत्तर मिळालं. गेल्या वर्षभरात मी नीट लक्ष देऊन एकच गोष्ट केली. एक जुनी मोटरसायकल निवडली, ती दुरुस्त केली आणि आपल्या मापाची करून घेतली. तेव्हा त्याबद्दलच.

पार्किंगमध्ये 'स्पोर्ट टूरर' हा शब्द सगळे वापरतात, पण त्याचा अर्थ फार कमी जणांनी कमरेने अनुभवलेला असतो. रेसच्या जातीच्या गाडीत हँडल खाली असतं, पाय मागे आणि वर. सगळा भार मनगटांवर येतो. क्रूझरमध्ये पाय पुढे पसरलेले, तिथे भार माकडहाडावर. या दोन्हींच्या मधली बैठक स्पोर्ट टूररची. वळणावर झुकायला तयार, पण दिवसभर चालवून उतरल्यावर माणूस सरळ उभा राहिला पाहिजे. १९७६ मध्ये बीएमडब्ल्यूने आर १०० आरएस काढली, तिचं फेअरिंग विंड टनेलमध्ये तपासून घडवलेलं होतं, म्हणजे लांबच्या प्रवासात वारा चालवणाऱ्याच्या छातीवर आदळू नये. या जातीच्या आद्य गाड्यांत तिचं नाव घेतात. आपल्याकडे २००३ ची करिझ्मा आठवा. २२३ सीसीची ती गाडी म्हणजे आमच्या काका-मामांच्या पिढीचं स्वप्न. मग २०११ मध्ये होंडाची सीबीआर २५० आर आली आणि २०१६ च्या डिसेंबरात बजाजची डॉमिनार ४००.

माझ्याकडे दीड लाख रुपये होते. तीन वर्षं शनिवार-रविवार उद्यमबागमधल्या एका मशीन शॉपमध्ये लेथवर काम केलं आणि संध्याकाळी शिकवण्या घेतल्या, त्याचे. या पैशांत नवीन दीडशे-एकशेसाठ सीसीची गाडी सहज आली असती आणि कॉलेजला जायला ती पुरलीही असती. पण मला कॉलेजला जायला गाडी नको होती. मला आईला सावंतवाडीकडे न्यायचं होतं.

आईचं माहेर सावंतवाडीपासून थोडं आत. बेळगावहून आंबोली घाटाने शंभरएक किलोमीटर. नकाशात हे अंतर काहीच नाही. पण आईला घाटात एसटी लागते. एक-दोनदा ओकारी होऊन भागत नाही, पोचल्यावर पुढचा अख्खा दिवस ती झोपून असते. त्यात तिची दवाखान्यातली ड्युटी, सुट्टी मिळणार एक दिवस. त्यामुळे दीड वर्ष ती माहेरी गेली नव्हती. आजीला आता फोनवर नीट ऐकू येत नाही. आई इकडून ओरडून बोलते, आजी तिकडून भलतंच उत्तर देते, आणि फोन ठेवला की आई बराच वेळ ओट्यापाशी नुसती उभी असते.

"गाडीवरून नेऊ का?" असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माका त्या गाडयेर बसाचा नाय." आई एरवी बेळगावी बोलते. घाबरली की माहेरची मालवणी बाहेर येते. कारण मला माहीत होतं. आठ वर्षांपूर्वी माझा मामा त्याच घाटात पावसात गाडी घसरून गेला. टायर गुळगुळीत झालेले होते, आणि हेल्मेट आरशाला अडकवलेलं होतं.

म्हणून माझी यादी पार्किंगमधल्या यादीपेक्षा वेगळी झाली. पहिली अट एबीएस. जोरात ब्रेक दाबला आणि चाक फिरायचं थांबून नुसतं घसरायला लागलं, की चाकाजवळचा सेन्सर ते ओळखतो आणि ब्रेकचा दाब क्षणभर सोडून परत देतो, सेकंदात कितीतरी वेळा. चाक फिरत राहतं, म्हणून गाडी वळवता येते. १२५ सीसीवरच्या सगळ्या नवीन दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. त्यामुळे त्या आधीच्या गाड्या बघायच्याच नाहीत असं ठरवलं. दुसरी अट मागची सीट. तीनशे-चारशे सीसीच्या कित्येक देखण्या गाड्यांची मागची सीट म्हणजे पाटावर ठेवलेली वही. तिसरी अट, सुटे भाग बेळगावात मिळाले पाहिजेत.

सीबीआर एक पाहिली. छान होती, पण जुनी, आणि ते मॉडेल आता बनत नाही. कोल्हापुरात एक डॉमिनार पंधरा हजारांनी स्वस्त मिळत होती. मित्र म्हणाले, उचल. पण आपण सीमाभागातली माणसं, आपल्याला नंबर प्लेटचा हिशेब वेगळा करावा लागतो. एमएच-०९ ची गाडी केए-२२ करायची म्हणजे तिथल्या आरटीओकडून फॉर्म २८ ची एनओसी, मग फॉर्म २९ आणि ३०, मग कर्नाटकाचा रोड टॅक्स गाडीच्या वयानुसार परत भरायचा, आणि तिथे भरलेल्या टॅक्सचा परतावा मागत बसायचं. पंधरा हजारांची बचत दोन्हीकडच्या खिडक्यांपाशीच संपली असती. शेवटी इथलीच, २०१९ ची, २४ हजार किलोमीटर चाललेली डॉमिनार एक लाख आठ हजारांना ठरली.

व्यवहार पक्का करण्याआधी मी आईला घेऊन गेलो. मालकाला वाटलं, पैसे आई देणार. मी आईला म्हटलं, तू फक्त मागे बस. तिने पर्स माझ्याकडे दिली, दोन्ही बाजूंची पकड चाचपली, पाय ठेवायच्या जागा बघितल्या आणि उतरून म्हणाली, "सीट जरा टोचते." नको असं काही म्हणाली नाही. त्यावर मी टोकन दिलं.

आता अपग्रेड. हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे रंगीत रिम आणि मोठ्या आवाजाचा पाइप येतो. माझ्या वहीत क्रम असा होता. ट्रान्सफर आणि विमा, ७,०००. दोन टायर, ९,५००. टायरला नक्षी चांगली होती, पण बाजूवर चार आकडे असतात ते वाचायला शिका. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. '२३१९' म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. इतक्या वर्षांत रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं, नक्षी कितीही शिल्लक असो. मापं कंपनीचीच ठेवली, पुढे ११०/७० आणि मागे १५०/६०. मागचा टायर जाड घातला की फोटो चांगला येतो, पण गाडी वळायला आळशी होते.

ब्रेकचे पॅड आणि ब्रेक ऑइल, ३,०००. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि लिव्हर पोकळ लागतं. घाटात राहणाऱ्याने दर दोन वर्षांनी ते बदलावं, असं आमच्या मेस्त्रींचं म्हणणं. चेन आणि स्प्रॉकेट, ४,५००. दोन हेल्मेट, आयएसआय मार्कची, ६,०००. हातमोजे आणि दोन रेनकोट, ३,५००. लेग गार्ड आणि सामानाचा कॅरियर, ३,२००.

राहिली सीट. आमच्या गल्लीच्या टोकाला एक कुशनवाले आहेत, ते रिक्षांच्या सीट शिवतात. त्यांना मी म्हटलं, पुढचा भाग माझ्या उंचीसाठी थोडा छाटा, मागच्या भागात चांगला फोम घाला. ते म्हणाले, "मागं कोण, मैत्रीण?" मी म्हटलं, "आई." त्यांनी टेप बाजूला ठेवला आणि आईलाच बोलवायला सांगितलं. आई आली. पुठ्ठ्यावर बसवून त्यांनी खुणा केल्या, खाली कडक आणि वर मऊ असे दोन थर घातले. मऊच मऊ फोम पहिल्या दहा किलोमीटरला गोड लागतो, नंतर माणूस थेट पत्र्यावर बसतो, हे मला त्यांनी शिकवलं. १,८०० रुपये घेतले.

साडी गार्ड मी काढलं नाही. मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पायाला आधार आणि मागचं चाक निम्मं तरी झाकणारं संरक्षण, हे सगळं केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १२३ मध्ये लिहिलेलं आहे. चाकात ओढणी किंवा पदर अडकला तर काय होतं, ते आईने दवाखान्यात पाहिलंय. मागे बसणारीला तो 'म्हातारा' पत्रा लागतो. एक्झॉस्टही कंपनीचाच आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ५२ चा अर्थ स्पष्ट करताना सांगितलंय की गाडी मूळ नोंदलेल्या तपशिलापेक्षा वेगळी होईल असे बदल चालत नाहीत. पण खरं सांगू, कायदा नसता तरी मी पाइप बदलला नसता. चालवणाऱ्याला दिवसभर तो आवाज ऐकायचा असतो, आणि मागच्याला तर जास्तच.

टाकीवर काय लिहायचं यावर मित्रांची दोन तास चर्चा झाली. आपल्या गावात अक्षरं कुठल्या लिपीत आहेत यावरूनही बघणारे असतात, ते वेगळंच. मी बाहेर काहीच लिहिलं नाही. सीटच्या खाली, टूलकिटशेजारी एक कागद प्लास्टिकमध्ये घालून ठेवलाय. त्यावर दोघांचे रक्तगट आणि घरचा नंबर.

नोव्हेंबरात, पाऊस पूर्ण उतरल्यावर आम्ही निघालो. आदल्या रात्री मागच्या शॉकचा प्रीलोड दोन खाचा वाढवला. दोन माणसं बसली की गाडीचा मागचा भाग दबतो, पुढचं चाक हलकं पडतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो, म्हणून. टायरमध्ये हवाही दोघांच्या हिशेबाने भरली. शिनोळीपर्यंत आईने मागची पकड दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. माझ्या खांद्याला हातसुद्धा लावला नाही. आंबोलीत चहा घेतला. ती ग्लास हातात धरून म्हणाली, "पोटात काय ढवळूक नाय." हे तिने जरा आश्चर्यानेच सांगितलं.

घाट मी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरवला. क्लच दाबून गाडी सोडून द्यायची नाही, इंजिनच तिला धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. एका वळणाआधी आईचा हात माझ्या खांद्यावर आला. वळण कुठलं ते मला माहीत होतं. मी वेग कमी केला आणि विचारलं, "थांबू?" ती काही बोलली नाही. मग खांद्यावर दोनदा थोपटलं. चल, असा त्याचा अर्थ मी घेतला. हात मात्र घाट संपेपर्यंत तिथेच होता.

आजी ओसरीवर बसलेली होती. फोनवर जिला ऐकू येत नाही, तिला अंगणात शिरलेली गाडी ऐकू आली. "इलंस गो बाय?" म्हणाली. मग दोघी आत गेल्या आणि माझ्याकडे कुणी तीन तास बघितलं नाही. मी चेनला तेल घातलं, नारळाचं पाणी प्यालो आणि माजघरातून येणारं ते मोठ्या आवाजातलं बोलणं ऐकत बसलो. समोरासमोर असल्या की दोघींना एकमेकींचं सगळं ऐकू येत होतं.

त्यानंतर तीन फेऱ्या झाल्या. वहीत साडेतीन हजार शिल्लक होते, त्यातून मला उंच विंडस्क्रीन घ्यायची होती. हायवेला वारा गळ्यावर येतो. पण परवा भाजी चिरता चिरता आई म्हणाली, "मागे पाठ टेकूक कायतरी लाव. येताना दमाक होता." कॅरियरला बसणारं पाठटेकण बावीसशेला मिळतं, चौकशी करून आलोय. विंडस्क्रीन पुढच्या वर्षी.

तुमच्यापैकी कुणी गाडी घ्यायच्या विचारात असाल, तर एक करा. शोरूममध्ये किंवा मालकाच्या दारात आधी स्वतः मागच्या सीटवर बसा, आणि ज्यांना नेणार आहात त्यांनाही बसवा. पाच मिनिटं पुरतात. आणि टायरवरचे चार आकडे वाचायला विसरू नका.