घोडीच्या नावात दडलेली किल्ली

पैसे मोजून घरात आणलेली वस्तू आपली, असे कोणीही म्हणेल. मिक्सरमध्ये चटणी वाटायची की ताक घुसळायचे, हे सांगायला कारखानदार दारात येत नाही. टीव्हीला जोडून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या यंत्राची गोष्ट मात्र निराळी.

जपानच्या निंटेंडो कंपनीने २००६ साली ‘वी’ नावाचे यंत्र बाजारात आणले. हातातला रिमोट हलवून घरबसल्या टेनिस खेळता येई. आजी-आजोबांनाही त्याने भुरळ घातली आणि जगभरात दहा कोटींहून अधिक यंत्रे खपली. पण कंपनीचा शिक्का नसलेला प्रोग्राम हे यंत्र चालूच देत नसे. घर आपले, किल्ली मात्र विकणाऱ्याच्या कमरेला!

काही हौशी तंत्रज्ञांना हे रुचेना. यंत्राच्या गुप्त संकेतकिल्ल्या मिळवण्यासाठी त्यांनी चक्क एक चिमटा वापरला. त्याची टोके आतल्या जोडण्यांना टेकवून त्यांनी यंत्राच्या स्मृतीतला दडवलेला मजकूर वाचून काढला. इंग्रजीत चिमट्याला ट्वीझर्स म्हणतात, म्हणून या मंडळींनी नावही घेतले ‘टीम ट्वीझर्स’. २००७च्या डिसेंबरमध्ये बर्लिनच्या एका संमेलनात त्यांनी ‘वी’वर स्वतःचा प्रोग्राम चालवून दाखवला.

पण यंत्र उघडून चिमटा लावणे घरोघरी कसे जमणार? सोपी वाट सापडली ती ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ट्वायलाइट प्रिन्सेस’ या खेळात. यातल्या नायकाची एक घोडी असते आणि तिचे नाव खेळणाऱ्याने ठेवायचे असते. अर्धा सोडलेला डाव यंत्र जपून ठेवते, त्यात हे नावही असते. डाव पुन्हा उघडताना नाव किती लांब आहे, हे तपासायचे मात्र खेळ रचणाऱ्यांकडून राहून गेले होते. किराणाच्या वहीत नाव रकान्यात मावले नाही, की अक्षरे शेजारच्या रकान्यात घुसतात. तसेच इथे झाले. तंत्रज्ञांनी मुद्दाम भलेमोठे नाव घातलेला डाव तयार केला. नावाची जादा अक्षरे पुढच्या आज्ञेच्या जागी जाऊन बसली आणि यंत्र कार्डावरचा परका प्रोग्राम निमूटपणे चालवू लागले. ही युक्ती २००८च्या फेब्रुवारीत सर्वांना खुली झाली.

मग घरगुती प्रोग्रामांची रांग लागली. कोणी स्वतः खेळ रचले. जे यंत्र कंपनीने चित्रपटाची डीव्हीडी दाखवू दिले नव्हते, त्यावर लोक चित्रपट पाहू लागले. कंपनीही स्वस्थ बसली नाही. जून २००८च्या दुरुस्तीपासून यंत्र असले डाव शोधून पुसू लागले. तंत्रज्ञांनी त्यातूनही वाट काढली. अखेर मार्च २००९मध्ये घोडीची वाट बंद झाली, पण दुसऱ्या वाटाही सापडल्या.

कंपनीची भीती अगदीच खोटी नव्हती. ज्या दारातून घरधनी आत येतो, त्याच दारातून चोरही शिरतो. टीम ट्वीझर्सचा चोरट्या प्रतींना विरोध होता, तरी पुष्कळांनी फुकट खेळ खेळण्यासाठीच हे दार वापरले. इतरांनी वर्षानुवर्षे खपून केलेले खेळ असे लुबाडणे केव्हाही वाईटच.

पण चोराच्या भीतीने घरधन्यालाच उंबऱ्याबाहेर ठेवावे का? २०१९च्या जानेवारीत कंपनीने ‘वी’चे ऑनलाइन दुकान बंद केले. धंद्याच्या हिशेबात ते बरोबरही असेल, पण लोकांच्या घरातली यंत्रे चालतच होती. विकणारा दुकान आवरून जातो, वस्तू मात्र घेणाऱ्याच्या घरात राहते. ती उघडायची, दुरुस्त करायची, तिच्याकडून नवे काम करून घ्यायचे, हा घेणाऱ्याचा हक्क आहे. त्यासाठी घोडीच्या नावात किल्ली शोधायची वेळ त्याच्यावर येऊ नये.