उसनी उसळी

ड्रम शिकायचे ठरवले तेव्हा आम्हां दोघांपुढचा पहिला प्रश्न तालाचा नव्हता, खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांचा होता. म्हणून इलेक्ट्रॉनिक संच आला. सिमन्सच्या १९८१च्या षट्कोनी, टणक पॅडवर वाजवणाऱ्यांची मनगटे दुखत. १९९७मध्ये रोलँडने जाळीदार पॅड आणले आणि आघात सुसह्य झाला. मात्र ही जाळी स्टिकला खऱ्या स्नेअरहून अधिक उसळी देते, आणि उसनी उसळी मनगटाला आळशी करते, असे आमचे स्पष्ट मत आहे. शिवाय झांज आणि स्नेअर यांतला समतोल घरी यंत्रच राखते. महाविद्यालयाच्या सभागृहातील संचावर तो हातांनी राखावा लागतो. झांज जराशी जोरात पडली की स्नेअरवरचे कुजबुजते आघात बुडालेच. लय पक्की करायला हेडफोन पुरतो. त्या कुजबुजीसाठी मात्र आम्ही दर रविवारी सभागृहाची किल्ली मागून घेतो.