बोटाचा जोर आणि भात्याचा श्वास

वीणा, टाळ आणि मृदंग ही आपल्या घरची वाद्ये. पेटी मात्र पाहुणी. तिचे मूळ युरोपातले. एकोणिसाव्या शतकात ती इकडे आली, जमिनीवर बसून वाजवता यावी म्हणून तिचा पायाचा भाता हाताचा झाला, आणि आपल्या मंडळींनी तिला भजनात आपल्याशेजारी बसवून घेतले. आज कीर्तनात पेटी नसेल तर चुकल्यासारखे होते.

पेटीचा एक स्वभाव आहे. पट्टी कितीही जोराने दाबा, आवाज वाढत नाही. पट्टीचे काम फक्त वाट मोकळी करण्याचे. स्वर लहान की मोठा, हे ठरवतो भाता. म्हणून जाणत्या पेटीवाल्याची बोटे पट्ट्यांवरून अलगद फिरतात आणि सारा भाव डाव्या हातात असतो. बोट नाव सांगते, श्वास भाता देतो.

आमच्या दिंडीतल्या पेटीवाल्या आजोबांचा हा डावा हात अर्धांगवायूने गेला. वय ऐंशीच्या पुढे. काकड्याच्या आणि हरिपाठाच्या कितीतरी जुन्या चाली त्यांच्या बोटांत आहेत. त्या त्यांनी त्यांच्या गुरूंकडून घेतल्या. कुठे लिहून ठेवलेल्या नाहीत. नातवाने भाता धरून पाहिला, पण दुसऱ्याच्या श्वासावर आपले गाणे चालत नाही. दोन ओळी झाल्या की आजोबा थांबत. शेवटी म्हणाले, "माउली, आता पेटी झाकून ठेवा."

चाली जातील ही भीती सगळ्यांनाच होती. माझ्याकडे संगणकाला जोडायचा छोटा कीबोर्ड आहे, ज्याला मिडी कीबोर्ड म्हणतात. तो स्वतः वाजत नाही. कोणती पट्टी दाबली, किती वेळ दाबली आणि किती जोराने दाबली, एवढेच तो संगणकाला कळवतो; आवाज संगणकातल्या पेटीचा निघतो. डाव्या हाताचे त्यात काही काम नाही. आजोबा उजव्या हाताने वाजवू शकतील, असा विचार करून तो त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी वाजवले आणि निम्मे स्वर ऐकूच येईनात. आजोबांनी माझ्याकडे पाहिले. "या यंत्राला माझी बोटं कळत नाहीत का रे बाबा?"

प्रश्न अगदी बरोबर होता. प्रत्येक पट्टीखाली थोड्या अंतराने दोन संपर्क असतात. पट्टी खाली जाताना आधी एक जुळतो, मग दुसरा. मधला वेळ कमी, तर जोर जास्त, असे यंत्र मानते. त्या जोराला ते १ ते १२७ पर्यंतचा आकडा देते. त्याला व्हेलॉसिटी म्हणतात. हा हिशेब पियानोचा. पियानोत पट्टीचा आघात तारेवर पडतो, म्हणून तिथे बोटाचा जोर हेच सर्वस्व. आयुष्यभर पेटी वाजवलेल्या, त्यात वयाने थकलेल्या बोटांचे आकडे पडद्यावर वीस-पंचवीस असे दिसत होते. करंगळीशेजारच्या बोटाचे तर त्याहून कमी.

शेजारी बसलेला एक तरुण टाळकरी म्हणाला, "आजोबा, जरा जोरात दाबा." आजोबांनी दाबले. स्वर मोठे झाले, पण चाल मोडली. ज्या हळुवारपणासाठी आम्ही त्यांच्यापुढे बसलो होतो, तोच गेला. ऐंशी वर्षांच्या बोटांना यंत्राचे वळण लावायचे, की यंत्राला त्या बोटांचे?

यंत्राला वळण लावता येते. बहुतेक कीबोर्डांत जोराला किती प्रतिसाद द्यायचा, याची सोय असते. हलका, मध्यम, जड आणि ठरावीक असे साधारण चार प्रकार. हलका ठेवला की थोड्या जोरालाही मोठा आकडा मिळतो. जड ठेवला तर उलट. ठरावीक ठेवला तर कसेही दाबा, प्रत्येक स्वराला एकच आकडा. हीच सोय संगणकातही असते. मात्र बदल एकाच ठिकाणी करावा. दोन्हीकडे केला तर एकावर एक चढतो आणि मग सगळेच किंचाळू लागते.

आम्ही आजोबांना एकच ओळ तीनदा वाजवायला सांगितली: अगदी हळू, नेहमीसारखी आणि भर देऊन. आकडे पाहत हलका प्रकार निवडला, आणि नेहमीचे वाजवणे सत्तर-ऐंशीच्या आसपास येईल असे जुळवले. अगदी हळू वाजवलेला स्वर हरवू नये आणि भर दिलेला थेट १२७ ला जाऊन आदळू नये, एवढे पाहिले.

कोणी विचारील, पेटीला बोटाच्या जोराशी देणेघेणे नाही, तर ठरावीकच का नको? तेही करून पाहिले. सगळे स्वर सारखे ऐकू आले, पण ओळ मेल्यासारखी वाटली. कारण खऱ्या पेटीत स्वर सारखे असले तरी भाता सारखा नसतो. तो ओळीबरोबर भरतो आणि ओळीबरोबर ओसरतो. नुसती बरोबरी केली आणि श्वास दिला नाही, तर उरतो तो सपाटपणा. आपण एकमेकांच्या पाया पडतो तेव्हा सगळे सारखे होतो, पण कुणाचा गळा बदलत नाही. शंभर टाळकऱ्यांत प्रत्येकाचा आवाज वेगळाच राहतो, आणि म्हणून गजर जिवंत असतो.

तेव्हा श्वासाची वेगळी सोय केली. आवाज वाढवण्या-उतरवण्याचे एक पायाचे पेडल मिळते, ते जोडून आजोबांच्या उजव्या पायाखाली दिले. पायाने भाता, म्हणजे पेटी आपल्या जुन्या जन्माकडे परत गेली! पहिला दिवस पाय आणि बोटे यांचा मेळ बसण्यात गेला. दुसऱ्या दिवशी आजोबांनी डोळे मिटले आणि काकड्याची एक चाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवली. कुणी बोलले नाही. नातू मात्र त्यांच्या डाव्या हाताकडे पाहत होता. तो मांडीवर स्वस्थ पडला होता.

आतापर्यंत अकरा चाली उतरल्या आहेत. यंत्रात आवाज नव्हे तर सूचना साठलेल्या असतात, त्यामुळे मुलांना शिकवताना लय संथ करता येते, काळी एकमधली चाल पांढरी चारमध्ये नेता येते, आणि एखादा स्वर फारच दबला असेल तर तेवढाच आकडा वाढवता येतो. यातला शेवटचा अधिकार मी जपून वापरतो. आजोबांनी जो स्वर मुद्दाम दबता ठेवला, तो मी वर आणणारा कोण? शंका आली की त्यांनाच विचारतो.

ज्या दिंड्यांत, फडांवर अशी जुनी माणसे आहेत, त्यांनी हे काम लांबवू नये, एवढीच विनंती. साधन कोणतेही चालेल. फक्त समोरचा हात किती जोर लावू शकतो ते आधी पाहावे, आणि साधन त्याच्या मापाने लावावे. या यंत्राचा एक नियम मला फार आवडतो. वाजलेल्या स्वराला ते शून्य कधीच देत नाही. त्याच्या भाषेत शून्य म्हणजे पट्टी सोडली. बोट कितीही दुबळे असो, स्वर लागला की त्याची किमान एक अशी नोंद होतेच. माणसांनी माणसांच्या सेवेची नोंद घेताना एवढे तरी पाळावे.

रामकृष्ण हरी.