पाठ केलेला आजारी उद्योग

बी.कॉम.ला ‘औद्योगिक आजारपणाची कारणे’ हा हमखास येणारा प्रश्न होता. अंतर्गत कारणं, बाह्य कारणं, १९८५चा कायदा, साचलेला तोटा नक्त मूल्याएवढा झाला की कंपनी आजारी. गाइडमधलं हे सगळं मी मोहन्यातल्या घरी मोठ्यानं म्हणून पाठ केलं. प्रश्न आला, उत्तर उतरवलं, चांगले गुण पडले.

एनआरसीचं गेट घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. रेयॉन बनवणारा हा कारखाना २००९ साली बंद पडला. कामगार थकीत देण्यांसाठी वर्षानुवर्षं झगडत होते. शेजारचे काका त्यांतलेच. कारखाना कशानं बुडाला, पगार कधीपासून रखडला, हे मी त्यांना एकदाही विचारलं नाही. माझ्या उत्तरात मोहने कुठेच नव्हतं.

पुढे एम.ए.ला अर्थशास्त्र घेतलं आणि उलट्या टोकाची चूक केली. तेव्हा वाचनात आलं, की १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालेलं मुंबई विद्यापीठ सुरुवातीला परीक्षा घेई, पदव्या देई. शिकवणं कॉलेजांकडे होतं. जोतीराव फुल्यांनी १८८२मध्ये हंटर शिक्षण आयोगाला सांगितलं होतं, की सरकारी उच्च शाळांतलं शिक्षण व्यवहाराच्या उपयोगाचं नाही, त्यातून कारकून आणि मास्तरच तयार होतात. हे वाचल्यावर परीक्षाच निरर्थक ठरवून मी संख्याशास्त्राचं पुस्तक मिटलं. केटी लागली, तो पेपर पुन्हा देणं आलं. फुल्यांनी शाळा काढल्या होत्या. शिक्षण नाकारलं नव्हतं. त्यांच्या टीकेआड मी माझा आळस लपवला होता.

केटीच्या तयारीत निर्देशांक शिकताना अखेर काकांकडे गेलो. त्यांच्या जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या पुढ्यात घेतल्यावर महागाई भत्ता किमतींच्या निर्देशांकाशी कसा जोडलेला असतो, ते उमगलं. नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, हा ग्रॅच्युइटीचा हिशेबही आम्ही मिळून मांडला. सूत्र येत नसतं, तर मी काकांच्या काही उपयोगी पडलो नसतो. काकांकडे गेलो नसतो, तर सूत्र पेपरापुरतंच उरलं असतं.

म्हणून परीक्षा देणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: अभ्यास पुरता करा आणि प्रत्येक उत्तराला आपल्या गावातला दाखला शोधा. ‘तुमच्या परिसरातला एक उद्योग का बंद पडला?’ असा प्रश्न विद्यापीठानं विचारायलाच हवा. तो पेपरात येईपर्यंत आपण स्वतःला विचारायचा.